अभिजात अरबी खुत्बे आणि सुवचनं : साहित्य म्हणून कसं वाचायचं?

अक्षरवेध

खुतबा हा शब्द आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतो. १३४७ मध्ये दौलताबादेत अलाउद्दीन बहमनशहाच्या नावाने खुतबा वाचला गेला आणि बहमनी राज्य सुरू झालं, तेवढ्यापुरता. प्रत्यक्षात खुतबा, म्हणजे जमावासमोर दिलेलं भाषण किंवा प्रवचन, ही अरबी गद्याची सर्वांत जुनी आणि एके काळी सर्वांत मानाची कला आहे. मराठीत तिच्याबद्दल रसग्रहणाच्या अंगाने फार थोडं लिहिलं गेलंय, म्हणून हा धागा. पाठ समोर आल्यावर तो वाचायचा कसा, एवढ्यापुरतंच बोलू.

सुरुवात थांब्यापासून. अरबीत वाक्य थांबतं तिथे शेवटचा ऱ्हस्व स्वर किंवा ‘उन/इन’ हा नासिक्य प्रत्यय उच्चारत नाहीत. याला वक़्फ म्हणतात. खुत्ब्यातलं यमक याच थांब्यावर बेतलेलं असतं. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत याचं ठरलेलं उदाहरण आहे :

मा अब्‌अद मा फात् / व-मा अक़्‌रब मा हुव आत्
(गेलं ते किती दूर, येणारं किती जवळ.)

व्याकरणाप्रमाणे शेवटचे शब्द ‘फात’ (अंत्य अ पूर्ण) आणि ‘आतिन’ आहेत. तसे म्हटले तर यमक उरतच नाही. थांबून म्हटलं की फात्–आत्. व्याकरण पक्कं केलेला विद्यार्थी नेमका इथे चुकतो, कारण त्याला प्रत्येक विभक्ती उच्चारून दाखवायची असते.

मराठी वाचकाची अडचण उलटी असते. आपण शब्दाच्या शेवटचा अ एरवीच गिळतो. त्यामुळे थांब्यावर आपलं बरोबर येतं, पण ओळीच्या मध्येही आपण तेच करतो आणि लय मोडते. म्हणून देवनागरीत उतरवताना माझी पद्धत अशी : थांब्याच्या अक्षराला हलन्त द्यायचा, आणि मधल्या शब्दांतला अंत्य अ संस्कृतातल्यासारखा पूर्ण म्हणायचा. कुस्स बिन साइदा या इस्लामपूर्व वक्त्याच्या नावावर उकाज़च्या बाजारातलं भाषण सांगतात. ते असं :

अय्युहन्नास्! इस्मऊ व-ऊ।
मन आश मात् / व-मन मात फात् / व-कुल्लु मा हुव आतिन आत्।
लैलुन दाज् / व-नहारुन साज् / व-समाउन ज़ातु अब्राज्।

(लोकहो, ऐका आणि ध्यानात ठेवा. जो जगला तो मेला, जो मेला तो गेला, जे येणार ते येणारच. काळोखी रात्र, निश्चल दिवस, तारकामंडळांचं आकाश.)

दुसऱ्या ओळीत ‘मात’ दोनदा आलाय. पहिल्यांदा थांब्यावर, म्हणून ‘मात्’; नंतर ओळीच्या पोटात, म्हणून ‘मात’ पूर्ण. ‘आतिन आत्’मध्ये तर एकच शब्द दोन्ही रूपांत शेजारी उभा आहे. तिसऱ्या ओळीत शब्द मोजा : दोन, दोन, तीन. तुकडे सारखे असावेत किंवा पुढचा थोडा लांब असावा, हा सजअचा (सयमक गद्याचा) जुना दंडक आहे. शेवटचा तुकडा आधीच्यापेक्षा बराच आखूड पडला तर कान अडखळतो, कारण तो अजून काहीतरी यायची वाट पाहत असतो.

पाठ हाती आला की मी हा क्रम धरतो. स्वरचिन्हं दिलेली प्रत घ्यायची. अर्थाकडे जायच्या आधी थांब्यांवर पेन्सिलीने तिरक्या रेघा मारायच्या. जोड्या पाडायच्या. प्रत्येक जोडीत कोणता शब्द कोणत्या शब्दासमोर उभा आहे ते पाहायचं. मग यमक कुठे बदलतं ते टिपायचं. जुन्या खुत्ब्यांत एकच यमक सहसा दोन ते चार तुकड्यांपलीकडे चालत नाही, आणि ते बदलतं तिथे बहुतेक वेळा विषयही वळतो. कोश उघडायचा तो यानंतर. आधी कोश उघडला की प्रत्येक शब्द सुटा होतो, आणि कोणाचं वजन कोणावर आहे ते कळतच नाही.

मुसाफिर_दापोली

छान सुरुवात. जुम्म्याच्या खुत्ब्याचा सांगाडा इथे नोंदवतो, म्हणजे साहित्य कोणत्या चौकटीत घडतं ते दिसेल.

जुम्म्याला दोन खुत्बे असतात आणि दोन्हींच्या मध्ये खतीब (खुतबा देणारा) क्षणभर बसतो. कोकणी मुसलमान शाफई (इस्लामी कायद्याच्या चार सुन्नी मतांपैकी एक) आहेत. शाफई मतात खुत्ब्याचे पाच अरकान (अनिवार्य घटक) आहेत : अल्लाहची स्तुती, पैगंबरांवर सलवात (आशीर्वादाची प्रार्थना) आणि तक़वाचा उपदेश, हे तीन दोन्ही खुत्ब्यांत, क़ुरआनची आयत दोहोंपैकी एकात, आणि श्रद्धावंतांसाठी दुआ दुसऱ्यात. हे अरकान अरबीतच म्हणायचे. म्हणून आपल्याकडे समजावून सांगायचं ते बयान खुत्ब्याआधी उर्दूत किंवा स्थानिक भाषेत होतं आणि अरबी भाग वेगळा राहतो. हनफी मतात इमाम अबू हनीफांच्या मते अल्लाहचं नुसतं स्मरणही पुरेसं ठरतं.

स्तुती आणि सलवात झाले की ‘अम्मा बअ्‌द’ (‘तर यानंतर’) येतं. इथे प्रस्तावना संपते आणि मुद्दा सुरू होतो. खुतबा वाचताना आधी हे दोन शब्द शोधा. त्याआधीच्या स्तुतीत कसलेला खतीब पुढच्या विषयाची चाहूल देऊन ठेवतो. पावसासाठीचा खुतबा असेल तर स्तुतीतच ढग आणि पाणी येतं. या सूचकतेला बराअतुल-इस्तिह्‌लाल असं नाव आहे.

आणि लांबी. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात (हदीस म्हणजे पैगंबरांचं वचन) अम्मार बिन यासिर यांच्याकडून आलेली हदीस आहे, की नमाज लांब आणि खुतबा आखूड असणं हे माणसाच्या जाणतेपणाचं लक्षण. आखूडपणा हा या कलेचा मूळ गुण मानला गेलाय.

शमा_म

प्रश्न : स्तुतीने सुरुवात अनिवार्य असेल तर उमय्या खलीफांचा सुभेदार हज्जाज याचं कूफामधलं भाषण खुतबा म्हणून कसं गणलं जातं? ते तर थेट कवितेने आणि धमकीने सुरू होतं.

कुतुबखाना

शमा, ते जुम्म्याचं नव्हतं, सत्ता हाती घेतानाचं राजकीय भाषण होतं. त्या काळी खुतबा हा शब्द दोन्हीला चालतो. पण स्तुती वगळणं तेव्हाही लोकांना खटकायचं. जाहिज़ (बसरा, नववं शतक) ‘अल-बयान वत्तब्यीन’मध्ये सांगतो, की स्तुतीविना खुत्ब्याला लोक ‘बत्रा’ म्हणजे शेपूट तुटलेला म्हणत, आणि क़ुरआन व सलवात नसलेल्याला ‘शौहा’ म्हणजे कुरूप.

‘बत्रा’ हे नाव कायमचं चिकटलं ते ज़ियाद बिन अबीहीच्या बसऱ्यातल्या भाषणाला (४५ हिजरी, इ.स. ६६५). त्याने स्तुती केली होती असं सांगणारी परंपराही आहे, पण नाव टिकलं. शहरात रात्री चोऱ्या, जाळपोळ, टोळ्यांची भांडणं चालली होती आणि हा नवा सुभेदार मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) आला. त्यातल्या दोन जोड्या बघा :

मन नक़ब बैतन नक़ब्तु अन क़ल्बिह् / व-मन नबश क़ब्रन दफन्तुहू हय्यन फीह्
(जो घर फोडील त्याचं काळीज फोडीन, जो थडगं उकरील त्याला त्यातच जिवंत पुरीन.)

मन ग़र्रक़ क़ौमन ग़र्रक़्नाह् / व-मन अह्‌रक़ क़ौमन अह्‌रक़्नाह्
(जो लोकांना बुडवील त्याला बुडवू, जो जाळील त्याला जाळू.)

गुन्ह्याचं क्रियापद तेच शिक्षेचं क्रियापद. दोन्हींत जेमतेम एका शब्दाचं अंतर, त्यामुळे ऐकणाऱ्याला सुटकेची फटच दिसत नाही. पहिल्या जोडीच्या उत्तरार्धात मात्र त्याने क्रियापद बदललंय, ‘उकरणं’ला उत्तर ‘पुरणं’. एकाच साच्याने कान सुस्तावतो म्हणून हा उलट फेरा. पाठांतर करणारे इथेच चुकतात आणि दोन्हीकडे तेच क्रियापद घालतात.

आता हज्जाज. ७५ हिजरी, इ.स. ६९४-९५. खारिजी बंडखोरांशी लढणाऱ्या सेनापती मुहल्लबच्या फौजेतून कूफाचे लोक घरी परतले होते, त्यांना परत धाडायला त्याची नेमणूक झाली. तो तोंडावर फेटा गुंडाळून मिंबरवर चढला आणि बराच वेळ गप्प बसला. जमावाने मारायला खडे उचलले, तरी तो गप्प. मग फेटा दूर करून त्याने दुसऱ्या कवीची, सुहैम बिन वसीलची ओळ म्हटली :

अना इब्नु जला व-तल्लाउस्सनाया / मता अदइल-इमामत तअ्‌रिफूनी
(मी उजेडाचा पुत्र, घाट चढणारा, फेटा उतरवीन तेव्हा ओळखाल मला.)

ओळ जुनी, उसनी. पण कृती आणि शब्द एकाच क्षणी जुळतात. पाठ वाचणाऱ्याने ही शांतता हिशेबात धरली नाही तर ओळ नुसती बढाई वाटते. त्यानंतर येतं :

इन्नी ल-अरा रुऊसन क़द ऐनअत् / व-हान क़िताफुहा / व-इन्नी ल-साहिबुहा
(मला पिकलेली डोकी दिसताहेत, तोडणीचा हंगाम आलाय, आणि तोडणारा मी.)

‘ऐनअत्’ फळ पिकण्यासाठी वापरतात. रक्त हा शब्द अजून आलेला नाही, तो पुढच्या वाक्यात येतो : फेट्यांच्या आणि दाढ्यांच्या मधे. आधी बाग, मग रक्त. हा क्रम उलटा केलात तर प्रतिमा मरते.

पुढे तो सांगतो की खलीफाने आपला भाता रिकामा केला, एकेक काडी दातांनी चावून पाहिली, मी सर्वांत कडू आणि चिवट निघालो म्हणून तुमच्यावर मला सोडलं. मग एका साच्यातल्या तीन धमक्या, प्रत्येकीत क्रियापद आणि त्याच धातूचं नाम : फांदीची साल सोलावी तसं सोलीन, सलम झाडाच्या काटेरी फांद्या आवळून बांधतात तसं बांधीन, कळपात घुसलेल्या परक्या उंटाला झोडतात तसं झोडीन. या धातुसाधित कर्माला ‘मफऊल मुत्लक़’ म्हणतात. उपमा देण्याची ही अरबीची सर्वांत आटोपशीर सोय आहे.

हज्जाज जुलमी होता हे मान्यच. त्याचं वक्तृत्व वाचायचं ते भीती भाषेतून कशी घडवली जाते हे कळण्यासाठी.

तळटीप

पाठाच्या विश्वासार्हतेबद्दल बोलायला हवं, नाहीतर आपण सातव्या शतकाचं म्हणून दहाव्या शतकाचं गद्य वाचू.

ही भाषणं आधी तोंडी फिरली आणि बरीच नंतर लिहिली गेली. त्यामुळे एकाच भाषणाचे वेगवेगळे पाठ मिळतात. चौथे खलीफा हज़रत अलींच्या खुत्ब्यांचा प्रसिद्ध संग्रह ‘नह्‌जुल-बलाग़ा’ शरीफ रज़ी यांनी बगदादेत ४०० हिजरीत पुरा केला, म्हणजे अलींनंतर साडेतीन शतकांनी, आणि बहुतेक ठिकाणी सनद (कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी) न देता. त्यात सुमारे २४० खुत्बे, ७९ पत्रं आणि ४८० च्या आसपास सुवचनं आहेत. क्रमांक आवृत्तीगणिक सरकतात, म्हणून संदर्भ देताना आवृत्तीही सांगा. सगळं रज़ींनीच रचलं असा आरोप जुनाच आहे, पण तो सरसकट टिकत नाही. २७वा, जिहादचा खुतबा घ्या. तो जाहिज़कडे आणि नवव्या शतकातल्या मुबर्रद या भाषापंडिताकडेही सापडतो, आणि दोघेही रज़ींच्या जन्माआधी वारले. एकेका पाठाचा असा तपास करायचा. सगळा संग्रह खरा किंवा सगळा खोटा, या दोन्ही भूमिका आळशीपणाच्या आहेत.

त्या २७व्या खुत्ब्यात इराकमधल्या अंबार गावावर छापा पडल्यावर अली आपल्याच लोकांना सुनावतात. उन्हाळ्यात निघा म्हटलं तर तुम्ही म्हणता ‘हमार्रतुल-क़ैज़’ (कडक उन्हाळा), हिवाळ्यात निघा म्हटलं तर ‘सबार्रतुल-क़ुर्र’ (कडाक्याची थंडी). दोन्ही शब्द एकाच दुर्मीळ वजनाचे (शब्दरूपाच्या साच्याचे). ऋतू बदलला तरी सबब तीच, हे अर्थाआधी आवाजच सांगतो. दहाव्या शतकात अलेप्पोचा अमीर सैफुद्दौला याच्या दरबारातल्या इब्न नुबाताने याच धर्तीवर जिहादचे खुत्बे रचले आणि ते पुढे शतकानुशतकं नमुने म्हणून चालले. तेराव्या शतकातला भाष्यकार इब्न अबिल-हदीद दोन्ही समोरासमोर ठेवतो आणि इब्न नुबाताची घडण कृत्रिम ठरवतो. माझंही मत तेच. इब्न नुबाताकडे यमक अखंड वाहतं, त्यामुळे कोणत्याच यमकाला वजन उरत नाही.

स्पेनवर स्वारी करणाऱ्या तारिक़ बिन ज़ियादचं ‘समुद्र तुमच्या मागे, शत्रू पुढे’ हे भाषण मात्र घटनेनंतर शतकांनी लिहिलेल्या ग्रंथांतच दिसतं. रचना म्हणून वाचा, ७११ सालचा पुरावा म्हणून नको.

अक्षरवेध

तळटीप, नेमकं लिहिलंत. यमक जवळजवळ नसतानाही खुतबा कसा उभा राहतो, याचं उदाहरण म्हणून हज्जतुल-विदा, म्हणजे पैगंबरांचा निरोपाचा हज (१० हिजरी, इ.स. ६३२). अबू बक्‌रा या पैगंबरांच्या साथीदाराने सांगितलेला, मक्केजवळच्या मिना इथला पाठ बुखारीच्या हदीससंग्रहात आहे.

पैगंबर विचारतात, हा कोणता महिना? लोक म्हणतात, अल्लाह आणि त्याचा रसूल जाणे. ते गप्प राहतात, इतके की लोकांना वाटतं आता याला दुसरंच नाव देणार. मग : हा ज़ुलहिज्जाच ना? होय. हेच गाव आणि दिवस यांच्याबद्दल. प्रश्न, शांतता, होकार असं तीनदा. उत्तरं सगळ्यांना ठाऊक असलेली. महिना पवित्र, गाव पवित्र, दिवस पवित्र, हे श्रोत्यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केल्यावर एकच वाक्य येतं : तुमचं रक्त, तुमची मालमत्ता, तुमची अब्रू एकमेकांना तितकीच निषिद्ध, जितका हा दिवस, या गावात, या महिन्यात. तीन वस्तू, तीन पावित्र्यं. आधी मान्य झालेलं पावित्र्य एका ‘क’ (जसं) या उपसर्गाने माणसाच्या जिवावर येऊन बसतं.

अनुवादांत ही प्रश्नोत्तरं पुष्कळदा गाळतात आणि फक्त निष्कर्ष ठेवतात. मग तो नियमावलीसारखा वाटतो. शेवटी ‘अला हल बल्लग़्त्?’ (पोचवलं ना मी?) या प्रश्नाचं पालुपद आहे, तेही गाळू नये.

बिनटिंब

भाषेवरच्या हुकमतीचं टोक म्हणजे स्वतःवर बंधन घालून दिलेले खुत्बे. दोन सांगतो.

वासिल बिन अता (मृत्यू १३१ हिजरी, इ.स. ७४८), मुअ्‌तज़िली (तर्कबुद्धीला प्रमाण मानणाऱ्या पंथाचा) विचारवंत. त्याला ‘र’ नीट म्हणता येत नसे, म्हणून तो बोलण्यातून ‘र’च हद्दपार करी. इराकच्या सुभेदारासमोर त्याने ‘र’विना अख्खा खुतबा दिला. किती अवघड ते बघा : रब्ब, रसूल, क़ुरआन, आख़िरत, ख़ैर, शर्र, सगळे गेले. बिस्मिल्लाहमधले रहमान आणि रहीमही गेले, तिथे त्याने ‘अल-फत्ताहिल-मन्नान’ घातलं. सैतानाचं ‘रजीम’ जाऊन ‘ग़वी’ आलं. आणि शेवटी क़ुरआन हवाच म्हणून सूरह इख़्लास घेतली. तपासून पाहा, त्यात एकही ‘र’ नाही. पाठ न सांगता कुणाला ऐकवला तर बंधन लक्षातही येत नाही, यात त्याचं खरं यश.

दुसरा हरीरीच्या (मृत्यू इ.स. ११२२) २८व्या, समरकंदच्या मक़ाम्यातला (मक़ामा म्हणजे सयमक गद्यातली गोष्ट). त्यात एकही नुक्तेवालं (टिंब असलेलं) अक्षर नाही. अरबीच्या २८ अक्षरांपैकी १५ नुक्तेवाली, म्हणजे १३ वर काम भागवायचं. ‘त’, ‘न’ आणि ‘य’ गेल्याने बहुतेक वर्तमानकाळी रूपं जातात, फक्त ‘मी’चं रूप उरतं कारण ते हम्ज़ाने (टिंब नसलेल्या अक्षराने) सुरू होतं. बि, फी, मिन, अन ही शब्दयोगी अव्ययं जातात. इला, अला, लि, क उरतात. नबी जातो, रसूल राहतो. म्हणून ओळ अशी येते :

अह्‌मदुहू हम्द मुवह्‌हिदिन मुस्लिम् / व-अद्‌ऊहु दुआअ मुअम्मिलिन मुसल्लिम्
(एकेश्वर मानणारा मुसलमान करतो तशी त्याची स्तुती करतो, आशेने शरण आलेला आळवतो तसं त्याला आळवतो.)

‘मी’चं क्रियापद आणि मागून त्याच धातूचं नाम, म्हणजे कुतुबखाना यांनी हज्जाजमध्ये दाखवलेलाच साचा. तिथे धमकी होती, इथे प्रार्थना. याच नुक्ताविरहित पद्धतीने अकबराच्या दरबारातल्या फैज़ीने क़ुरआनावरचं अख्खं अरबी भाष्य लिहिलं, १००२ हिजरीत पुरं केलं. त्याआधीच, १५९१ मध्ये, अकबराने त्याला वकील म्हणून बुऱ्हाणपूरला आणि अहमदनगरच्या निज़ामशाहीकडे धाडलं होतं.

शमा_म

उत्तराबद्दल आभार, कुतुबखाना. सुवचनांबद्दलही लिहा ना कुणीतरी. एका ओळीत जोड्या आणि थांबे कुठून शोधायचे?

कुतुबखाना

सुवचनात बहुतेक वेळा एकच सांधा असतो. तो सापडला की झालं. हज़रत अलींचं, बऱ्याच आवृत्त्यांत ८१वं :

क़ीमतु कुल्लिम्‌रिइन / मा युह्‌सिनुह्
(प्रत्येक माणसाची किंमत : जे तो उत्तम करतो ते.)

यात क्रियापदाने जोडलेलं विधान नाही. दोन पदं शेजारी ठेवलीत, मध्ये ‘आहे’ नाही. जाहिज़ म्हणतो की आपल्या ग्रंथात एवढंच वाक्य असतं तरी पुरलं असतं. थांबा ‘कुल्लिम्‌रिइन’नंतर हलकासा घ्यायचा, श्वास तोडायचा नाही, नाहीतर दोन वेगळी वाक्यं ऐकू येतात. अनुवाद करताना ‘म्हणजे होय’ लावून ताणू नये.

हसन बसरी (मृत्यू ११० हिजरी, इ.स. ७२८) यांचं :

या-ब्न आदम्! इन्नमा अन्त अय्याम् / कुल्लमा ज़हब यौमुन / ज़हब बअ्‌दुक्
(आदमपुत्रा, तू म्हणजे नुसते दिवस. एक दिवस गेला की तुझा एक तुकडा गेला.)

‘तुझे दिवस’ नाही, ‘तू दिवस’. हे समीकरण आधी मांडलं, म्हणून पुढचं गणित आपोआप येतं. ‘ज़हब’ दोनदा, मध्ये फक्त ‘यौमुन’, आणि तिथे उसंत जेमतेम घ्यायची. तिथे लांब थांबलात तर दिवस जाणं आणि तुकडा जाणं या दोन घटना होतात. वाक्याचा दावा तर ती एकच घटना असल्याचा आहे.

आणखी एक, पहिले खलीफा अबू बक्र यांच्या पहिल्या भाषणातून, बैअतनंतरचं (निष्ठेच्या शपथेनंतरचं) : ‘अस्सिद्‌क़ु अमानह् / वल-कज़िबु ख़ियानह्’ (खरेपणा ही सोपवलेली ठेव, खोटेपणा हा विश्वासघात). चारही पदं समोरासमोर. हे आणि वरची दोन आधी पाठ करा, त्यानंतर कुस्सच्या ओळी, मग ज़ियाद. हज्जाज शेवटी घ्या, कारण त्यात कविता, गद्य आणि रजज़ वृत्त एकमेकांत घुसतात. रजज़ कुठे सुरू होतं ते आधी छापील प्रतीत बघून घ्या, कारण काही आवृत्त्या त्या ओळी वेगळ्या न तोडता गद्यातच सलग छापतात.